हळू फिरणारी पाठमोरी

"दोन्हींतली एकही माझी नाही," चष्मेवाला डोळे न उघडताच म्हणाला. "दोन्ही घाईतल्या आहेत. माझी तुम्ही लावलीच नाही. उगाच फिरकी घेऊ नका." रविवारच्या दुपारी दंतवैद्य बाईंच्या दिवाणखान्यात एवढी शांतता सहसा होत नसे. गाणं चालू असतानासुद्धा बेकरीवाल्याच्या खुर्चीची करकर चालायचीच. त्याने डोळे उघडले. बाईंनी पडदा, म्हणजे दोन खिळ्यांना बांधलेली एक जुनी चादर, एका हाताने वर धरला होता आणि त्याच्यामागे अजून फिरत होती ती रेकॉर्ड त्याचीच होती. मधल्या पिवळ्या कागदावर चहाच्या कपाचा अर्धा गोल डाग होता. तो डाग फिरत होता, येत होता, जात होता, आणि प्रत्येक फेरीला त्याला वाकुल्या दाखवत होता.

"पहिली बेकरीवाल्यांची होती," बाई म्हणाल्या. दात उपटण्याआधी त्या ज्या आवाजात बोलत असतील त्याच आवाजात. "ही तुमची." बेकरीवाल्याने तोंडावर हात धरला, पण त्याचं पोट हसायचं थांबेना. "म्हणजे शाळा सुटल्यावर फाटकात उभं राहून स्वतःच्या पोराला ओळखलं नाही तुम्ही! वर मास्तरांना सांगताय, यात माझा एकही नाही!" त्याच्या हसण्याने खुर्ची पुन्हा करकरू लागली. चष्मेवाल्यालाही हसू आलं, कारण त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर तो याहून मोठ्याने हसला असता. पण ते हसू ओठांपर्यंत येऊन तिथेच घुटमळलं. सुई अजून चालत होती. त्याची रेकॉर्ड, त्याची पाठमोरी, लगबगीने, चिरक्या तरुण आवाजात, बस पकडायची असल्यासारखी गात होती.

त्या चौघांचा हा रविवारचा खेळ जुना होता. एकच गाणं, एकच गायिका, एकदाच ध्वनिमुद्रण झालेलं. पण रेकॉर्ड छापताना साचा लागतो, आणि साच्यातून प्रती काढता काढता साचा झिजतो, मग नवा साचा करतात, तो करणारा कारागीर वेगळा असतो, त्याचा हात वेगळा, त्याची सकाळ वेगळी. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रेसिंगांत फरक पडतो. एकीत तंबोरा भिंतीपलीकडे वाजतो, दुसरीत मांडीवर. हा फरक ऐकायला कान लागतात आणि ऐकू आला असं म्हणायला धाडस लागतं. दंतवैद्य बाई पडद्यामागे उभ्या राहून आधी एक लावायच्या, मग दुसरी, बाकीच्यांनी डोळे मिटून हात वर करायचा: पहिलीला, की दुसरीला. नियम एकच होता आणि तो लिफ्टवाल्याने घातला होता, की ऐकू आलं नाही ते ऐकू आलं म्हणायचं नाही. लिफ्टवाला शहरातल्या लिफ्टा दुरुस्त करायचा आणि जगातली बाकीची माणसं आपापली कामं अंदाजाने करतात असं त्याचं ठाम मत होतं. बेकरीवाल्याला साच्यांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. त्याचा सगळा जीव एका नृत्यसंगीताच्या रेकॉर्डवर होता, जिच्यात दुसऱ्या बाजूला ढोलवाला एकदा खोकतो. पुढच्या प्रेसिंगांतून तो खोकला पुसून टाकलेला होता, आणि बेकरीवाला खोकल्याची प्रत मिळेल तिथून गोळा करत होता. "आता येईल हं, आता येईल," असं म्हणत तो पुढे सरकून बसायचा, आणि खोकला आला की सगळ्यांकडे अशा अभिमानाने बघायचा, की जणू घरातलंच माणूस खोकलं.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्याचा जीव पाठमोरीवर. कव्हरवर गायिका खिडकीकडे तोंड करून उभी होती, चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्याच्या घरात त्या रेकॉर्डला सगळे पाठमोरी म्हणत, आणि मग या चौघांतही तेच नाव रुळलं. गाजलेली रेकॉर्ड नव्हती. तिच्या प्रती क्वचित कुठे सापडायच्या, आणि सापडली की चष्मेवाला पहिल्याच ओळीला मान हलवायचा. "नंतरचा साचा. घाई आहे. माझ्याकडची ऐका कधीतरी, पहिल्या साच्याची. ती बाई कशी सावकाश येते, दार ढकलून, आत बघून, मग बसून." हे तो इतक्या वेळा आणि इतक्या प्रेमाने बोलला होता, की बाकी तिघांनी कधीही न ऐकलेल्या त्या प्रतीला मनातल्या मनात सगळ्यात वरच्या पायरीवर बसवून टाकलं होतं. ती घराबाहेर काढायला तो तयार नसे. यावेळी बेकरीवाल्याला जुन्या सामानाच्या दुकानात एक प्रत मिळाली आणि तो हटूनच बसला, की आणा तुमची, होऊन जाऊ दे. कपड्यात गुंडाळून, मांडीवर धरून, चष्मेवाल्याने ती आणली होती. आणि आता हे.

लिफ्टवाला हसला नव्हता. त्याने उठून दोन्ही रेकॉर्डी खिडकीशी नेल्या, गाणं संपल्यावरच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले साच्याचे बारीक आकडे भिंगातून वाचले आणि परत आणून ठेवल्या. "साचा एकच," तो म्हणाला. "दोन्हींचा. फरक शून्य." मग चष्मेवाल्याकडे बघून, रोग सापडलेल्या वैद्याच्या समाधानाने, "तुमचं घरचं मशीन मागे चालतंय. आयुष्यभर तुम्ही ही रेकॉर्ड हळू ऐकली. पुढच्या रविवारी तुमच्या घरी जमू. माझी वेग मोजायची चकती आणतो, मशीनवर ठेवून तपासू, लगेच सरळ करून टाकू." बेकरीवाला म्हणाला, बिस्किटं माझी. बाई म्हणाल्या, तुलनेला मी माझं मशीन गाडीत घालून आणते. सगळं ठरूनही गेलं. चष्मेवाला हो म्हणाला. नाही कसं म्हणणार?

पण जिना उतरताना त्याच्या मनात आलं ते वेगळंच. मशीन मागे? आणि ते आपल्या घरात? त्याचे वडील घड्याळजी होते. नुसते घड्याळं दुरुस्त करणारे नव्हेत, तर दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले असता भिंतीवरचं घड्याळ मागे दिसलं, तर चहा न पिता आधी ते उतरवून घेणारे. "मागे पडलेलं घड्याळ म्हणजे चेहरा सरळ ठेवून खोटं बोलणारा माणूस," असं ते म्हणत. त्यांच्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, डाव्या डोळ्याला भिंग लावून ते बसलेले असत, आणि त्यांच्या पाठीमागे, त्याच खोलीत, ते मशीन असे. कोणा गिऱ्हाइकाने मोडकं म्हणून टाकून दिलेलं, वडिलांनी आणून उघडून पुन्हा जोडलेलं. ते त्यांच्या हातून मागे राहिलं? त्याला पायऱ्या उतरता उतरता एकदम लहानपणीची दुपार आठवली. आठवली कसली, अंगावरच आली. आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आहे, मशीनवर पाठमोरी लागली आहे, आणि आई तिच्याबरोबर गाते आहे. आईचा आवाज जाडा, खाली राहणारा, उन्हात तापलेल्या पितळी भांड्यासारखा. रेकॉर्डमधली बाई आणि आई, दोघी एकाच उंचीवरून चालल्या आहेत, एकीचा पाय दुसरीच्या पुढे नाही की मागे नाही. आणि तो जमिनीवर पालथा पडून कोणता आवाज कोणाचा हे ओळखायचा प्रयत्न करतो आहे, आणि मग तो प्रयत्न सोडून देतो, कारण ओळखण्यापेक्षा न ओळखण्यात जास्त मजा आहे. कोणी शेजारीण आली की आई म्हणायची, "आमची दोघींची पट्टी एकच." हे ती बढाई म्हणून नाही, तर 'आमच्या दोघींचं गाव एकच' असं सांगावं तशी सांगायची. आणि तो आता रस्त्यावर आला होता, बगलेत रेकॉर्ड होती, आणि समोरून येणाऱ्या माणसांना वाट द्यायचंही त्याला भान नव्हतं, कारण आज दुपारी त्याने ऐकलं होतं, की त्या बाईची पट्टी चांगली वर आहे. आईच्या हाताला लागणार नाही इतकी वर.

घरी आई झोपली होती आणि बायको बाहेर गेली होती. त्याने मशीनची, रेकॉर्ड ठेवायची तबकडी उचलून बाजूला ठेवली. खाली मोटरचा दांडा, दांड्यावर बसवलेली लहानशी पुली, आणि तिच्यावरून तबकडीला फिरवणारा रबरी पट्टा. हे समजायला काही अवघड नाही: पुली जाड असली तर एका गिरकीत पट्टा जास्त सरकतो, तबकडी जोरात फिरते, पुली बारीक असली तर तबकडी हळू फिरते, आणि हळू फिरली की गाणं नुसतं सावकाश होत नाही, आवाजही जाडा होऊन खाली उतरतो. बाकी सगळं मशीन काळ्या लोखंडाचं होतं. पुली पितळेची होती. कारखान्यातली नव्हे, छोट्या लेथवर, घड्याळजीच्या लेथवर, हाताने उतरवलेली. त्याने दुकानातून घरी आणलेलं भिंग डोळ्याला लावलं. पुलीच्या वरच्या कडेला, दिसेल न दिसेल अशा, तीन रेघा होत्या, चिमणीच्या पावलासारख्या. घड्याळजी दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या पाठीत आतून आपली खूण कोरून ठेवतात, पुढे कोणी उघडलं तर कळावं, की हे काम माझ्या हातचं. ही खूण वडिलांची होती. म्हणजे चुकून नाही. ओढूनताणून बसवलेलं नाही. काम पुरं झाल्यावर, तपासून, सही करून दिलेलं.

तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. त्याला आधी आनंद झाला, मग तो आनंद उकलता उकलता आईची एक जुनी गोष्ट हाती लागली. लग्नाआधी आई गाणं शिकायला गेली होती. गाण्याच्या बाईंनी एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, आवाज जाडा आहे, घरात गा. ती गोष्ट आई हसत सांगायची, पण दरवेळी सांगताना हातातलं काम थांबायचं. आणि मग हा माणूस, ज्याला एक सूर दुसऱ्यापासून ओळखता येत नव्हता, जो गाणं चालू असताना कधी पाठ वळवून बघत नसे, त्याने पाठ तशीच ठेवून बायकोसाठी जगातली एक बाई तिच्या उंचीवर आणून ठेवली. आणि बोलला नाही. बोलला असता तर त्याची किंमत काय राहिली असती? आईने इतकी वर्षं मानलं, की तिचा गळा त्या मोठ्या गायिकेच्या गळ्याशी मिळतो. तेवढ्या एका गोष्टीवर ती त्या गाण्याच्या बाईंना पुरून उरली होती. आणि येत्या रविवारी लिफ्टवाला येणार, चकती ठेवणार, मशीन मागे आहे असं मोठ्याने सांगणार, आणि म्हातारपणी आईच्या हातातून ते काढून घेणार. तेही मदत म्हणून!

त्याने सगळं होतं तसं जोडून ठेवलं. बेत रद्द करावा असं त्याने ठरवलं, पण संध्याकाळपर्यंत उशीर झालेला होता, कारण बायकोला बेकरीवाल्याचा फोन येऊन गेला होता आणि तिने आईला सांगूनही टाकलं होतं. आईला तर हर्ष मावेना. "माझी पाठमोरी ऐकायला माणसं येणार?" ती म्हणाली. "मग त्या खिडकीचे पडदे धुवायला टाक. आणि तू तो असला चुरगळलेला शर्ट घालून बसू नकोस, लोक म्हणतील घड्याळजीचा मुलगा की काय हा."

त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागेना. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलायचा आणि विचारायचा, "आधीचं बरं, की आताचं? आता बघा. हे, की ते?" पूर्वी कधी त्या प्रश्नात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. आता दर वेळी विचारताना आपणच समोरच्या खुर्चीत बसलो आहोत असं वाटे. खरं गाणं कोणतं? जे त्या गायिकेने गायलं ते, हे उघड आहे. मग आपण आयुष्यभर ऐकलं ते काय होतं? ज्या गाण्यावर आपल्या चालण्याची चाल बसली, ज्याच्या सावकाशपणावरून आपण मनातल्या मनात माणसं पारखली, बायकोसुद्धा पहिल्यांदा भेटली तेव्हा सावकाश बोलते म्हणून आवडली, ते सगळं एका पितळी पुलीच्या जाडीवर उभं होतं? एका आजोबांना त्याने अशाच तंद्रीत तीच तीच काच चार वेळा दाखवली. आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, सूनबाई जिच्यात धूसर दिसते ती द्या आणि सोडा मला." तो इतका मोठ्याने हसला, की आजोबांनाच संकोच वाटला.

शेवटी तो लिफ्टवाल्याला गाठायला गेला. एका उंच कचेरीत लिफ्ट बंद होती, दार उघडं होतं, आणि लिफ्टची पेटी खाली थांबवून तिच्या टपावर बसून लिफ्टवाला दोरांना वंगण लावत होता. बाहेरून त्याचं फक्त डोकं दिसत होतं. चष्मेवाला उकिडवा बसला आणि त्याने त्या डोक्याला सगळी हकिगत सांगितली. पुली, खूण, गाण्याच्या बाई, सगळं. डोकं मध्येच खाली जायचं, वर यायचं.

"म्हणजे मशीन जाणूनबुजून मागे ठेवलंय," लिफ्टवाला म्हणाला.

"हो."

"घड्याळजीने."

"हो रे बाबा."

"कमाल आहे." त्याने चिंधीला हात पुसले. "हे बघा, लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली तर माणूस ठेचकाळतो. म्हणून मी दोन बोटं सोडत नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी आपणहून काही बोलणार नाही, चकतीपण खिशात ठेवीन. पण काकूंनी मला सरळ विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. ते मला जमत नाही, माझे कान लाल होतात."

"ती कशाला विचारेल?"

"माणसं विचारतात," डोकं म्हणालं आणि खाली गेलं.

रविवार आला. पडदे धुऊन टांगले होते. आई खुर्चीत अशी बसली होती, की समारंभ तिचाच आहे, आणि तो होताच. बेकरीवाल्याने बिस्किटांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, तिने एक खाऊन बघितलं आणि म्हणाली, "लोणी बरं आहे, पण भट्टीला घाई केलीस." बेकरीवाला गार झाला, कारण ते खरं होतं. दंतवैद्य बाईंनी आपलं मशीन, नवं, जड, चकचकीत, लेकराला झोपवावं तसं टेबलावर ठेवलं. लिफ्टवाला भिंतीला टेकून बसला आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून घेतले. चष्मेवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याने मनात आखून ठेवलं होतं: आधी घरच्या मशीनवर पाठमोरी, मग लगेच चहा, मग बेकरीवाल्याचा खोकला, मग बाईंची निघायची वेळ होईल, आणि सगळे उठतील.

घरचं मशीन सुरू झालं. पाठमोरी आली, दार ढकलून, आत बघून, मग बसून. आई गाऊ लागली. म्हातारपणी आवाजाला चिरा पडल्या होत्या, पण उंची सुटली नव्हती. दोघी एकाच वाटेने, एकाच उंचीवरून चालल्या होत्या. तो तिच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघत होता. बाईंनी डोळे मिटले होते. बेकरीवाल्याची खुर्ची करकरत नव्हती. लिफ्टवाल्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, आणि तो काहीच मोजत नव्हता, हे चष्मेवाल्याला पहिल्यांदाच दिसलं. गाणं संपलं. नंतरची शांतता गेल्या रविवारच्या शांततेसारखी नव्हती.

"चहा," चष्मेवाला उठत म्हणाला.

"बस रे," आई म्हणाली. "या बाईंनी एवढं मोठं धूड उचलून आणलंय, ते काय नुसतं बघायला? त्याच्यावर लावा पाठमोरी. फरक बघायला जमता ना तुम्ही? मग बघा की."

"आई, ते मशीन आताच गाडीतून आलंय, त्याला जरा..."

"मशीनला काय गाडी लागते?" आई म्हणाली, आणि सगळे हसले, तो सोडून. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्यांनाही लिफ्टवाल्याकडून कळलेलं होतं, पण ज्या घरातली सगळ्यात वडील बाई लावा म्हणते तिथे त्या तरी काय करणार? त्यांनी रेकॉर्ड उचलली, आपल्या मशीनवर ठेवली, सुई टेकवली. गायिका आली, उंच, तरुण, लगबगीची. आईने गायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं, मग हळूच मिटलं. तो तिच्याकडे बघत राहिला, काच बदलल्यावर तो लोकांच्या चेहऱ्याकडे बघायचा तसा. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ती ऐकत होती. मान एका बाजूला कलली होती. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. त्याला वाटलं आपण आता उठून सुई उचलावी, आणि उठता येईना. मग आई लिफ्टवाल्याकडे वळली. "तुम्ही मशीनचे जाणकार ना? यातलं बरोबर कोणतं?"

लिफ्टवाल्याचे कान आधीच लाल झाले होते. "काकू," तो म्हणाला, "बरोबर... वेगाच्या हिशोबाने म्हणाल तर... हे."

"ते मलापण कळतंय," आई म्हणाली. ती खुर्चीच्या हातांना रेटा देऊन उठली, टेबलाशी गेली, आणि दंतवैद्य बाईंच्या त्या चकचकीत मशीनच्या फिरत्या तबकडीच्या कडेवर तिने आपलं बोट ठेवलं. बाईंनी श्वास आत ओढला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बेकरीवाला अर्धवट उठला. बोटाखाली तबकडी कुरकुरली, अडखळली, आणि गाणं उतरू लागलं. ती तरुण बाई जिन्यावरून पायरी पायरी खाली आली, आवाज जाडावला, सावकाश झाला, थोडा डगमगला, आणि ओळखीच्या जागी येऊन थांबला. "हे असं करायचे हे," आई म्हणाली. नवऱ्याबद्दल बोलत होती, आणि बोट तसंच होतं. "मी गायची आणि हे असं बोट लावून उभे राहायचे. पूर्ण गाणं. मी म्हणायची, अहो, टेबलावरची कामं पडलीत. तर म्हणायचे, तू गा. मग बोटाला घट्टे पडले, घड्याळाचे बारीक स्क्रू धरता येईनात, तेव्हा आत काहीतरी करून ठेवलं त्यांनी. त्यानंतर वळून बघायचे नाहीत ते. लाजायचे. या शेजारणींना काय सांगायचं असलं? पट्टी एकच, म्हणून मोकळं व्हायचं." ती मुलाकडे बघून हसली. "तुला माहीत नव्हतं होय रे? मला वाटलं, एवढा त्यातला जाणकार झालास, तुला कळलंच असेल."

आठवडाभर चष्मेवाला जे जपत होता, ते इतकी वर्षं आई त्याच्यापेक्षा बळकट हातांनी सांभाळून होती. त्याला हलकं वाटलं, आणि थोडं मूर्खासारखंही, आणि त्या मूर्खपणात एक जुनी, जमिनीवर पालथं पडल्यासारखी मजा होती. आवाज पुन्हा वर जाऊ लागला. आईचं बोट दमलं होतं.

तेव्हा लिफ्टवाला उठला. मांड्यांखालचे हात त्याने काढले, पँटला पुसले आणि तो टेबलाशी आला. "काकू, तुम्ही बसा," तो म्हणाला. "बोट मी लावतो. तुम्ही गा." त्याने तर्जनी तबकडीच्या कडेला टेकवली, जास्त दाबली, गाणं रडकं झालं, कमी केली, ते पळालं. त्याच्या कपाळावर घाम आला. आई पुन्हा खुर्चीत बसली, तिने पदर सारखा केला आणि डोळे मिटून ऐकलं.

"अजून थोडं खाली," ती म्हणाली. "हां. अगदी किंचित वर. बस. आता हलू नका."